नवसाचा मलिदा

माझा नवरा शुक्रवारी पहाटे मासे धरायला समुद्रावर गेला, की दिवस कलायच्या आत घरी यायचा. तसं आमच्यात ठरलेलंच होतं. शुक्रवारी सूर्य बुडताना आमचा शब्बाथ, आठवड्याचा विसाव्याचा दिवस, लागतो. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात, बाहेरून उजेड दिसणार नाही अशा जागी मी तेलाचा दिवा लावायचे. तो डोक्यावर रुमाल टाकून काळ्या मनुकांच्या शरबतावर प्रार्थना म्हणायचा, अगदी हळू आवाजात. बहरीनच्या मुहर्रक गावातल्या आमच्या त्या जुन्या भाड्याच्या घराच्या भिंती जाड होत्या, पण खिडक्या गल्लीत उघडत.

आम्ही बेने इस्राएल, रायगडातले ज्यू. गावात आम्हांला शनिवार तेली म्हणत, कारण आमचे वाडवडील तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. तिथे हे सांगायची कधी भीती वाटली नाही. बहरीनला मात्र ते सांगायचं नव्हतं. माझा नवरा कुणाशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही, लोकांनीच आपापलं ठरवून टाकलं होतं. नावं बायबलातली, आडनावाच्या शेवटी 'कर', म्हणजे हे मराठी ख्रिश्चन असणार. नाताळात शेजारपाजारचे मिठाई आणून देत आणि आम्ही ती हसून घेत असू. शेजारीण दार लोटून आत आली, की प्रार्थनेचं पुस्तक उशीखाली सरकवायची माझ्या हाताला सवयच लागली होती.

ही शेजारीण कोकणी मुसलमान होती. तीही रायगडातलीच, श्रीवर्धनच्या बाजूची. तिच्या नवऱ्याचं बाब अल बहरीनच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. ती माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मी तिला आपा म्हणायचे. माझी मुलगी ईसा टाउनच्या शाळेच्या बसमध्ये बसली, की आम्ही दोघी जिन्यात बसून भाजी निवडायचो. तिची भाषा ऐकली की मला गावाला गेल्यासारखं वाटायचं आणि त्याचीच मला धास्तीही वाटायची. मुंबईच्या माणसाला आमच्याबद्दल काही कळणार नाही, पण आमच्या जिल्ह्याच्या माणसाला कळेल.

माझा नवरा विमानतळावर मेकॅनिक होता. सामान वाहणाऱ्या गाड्या, जनरेटर, असलं दुरुस्त करायचा. आमच्याच मोहल्ल्यात एक म्हातारा बहरीनी नाखवा राहत होता. त्याच्या लाँचचं जुनं इंजिन याने एकदा चालू करून दिलं, तेव्हापासून दर शुक्रवारी म्हातारा याला सोबत न्यायचा. त्याला अरबी येई, माझ्या नवऱ्याला मोडकीतोडकी. दोघं दिवसभर काय बोलत कोण जाणे. पण नाखवा घरी आला की माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून "बेटी, बेटी" एवढा एकच हिंदी शब्द म्हणायचा आणि पाटीतला सगळ्यात मोठा मासा आम्हांला काढून द्यायचा.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. थंडी सरत आली होती. त्या शुक्रवारी दुपारी शमाल सुटला. हा उत्तरेकडचा वारा सुटला की हवा पिवळी होते आणि दातांखाली वाळू येते. मी गच्चीवरचे कपडे काढले, तेव्हा समुद्राच्या दिशेला काहीच दिसत नव्हतं. सूर्य बुडाला. दिव्यात तेल घातलेलं होतं, पण मी वात पेटवली नाही. तो आल्याशिवाय पेटवायला हात धजेना.

आपा येऊन बसली. तिचा नवरा बंदरावर चौकशी करून आला आणि जिन्यातूनच म्हणाला, "बाकीच्या लाँची आल्या. ही नाही आली." वारा खिडक्यांना धडका देत होता. माझी मुलगी, सहा वर्षांची, माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होती, "ममी, व्हेअर इज डॅडी?" मी उठले, खिडकीपाशी गेले आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "एलियाहू हन्नाबी, माझा माणूस घरी येऊ दे. मी तुझा मलिदा करीन."

बोलून झाल्यावर मला कळलं, मी काय बोलले ते. संदेष्टा एलिया. आमच्यात घराघरांतून त्याचाच नवस बोलतात. ख्रिश्चन बाईने मलिद्याचा नवस बोललेला कुणी ऐकलाय? मी मागे वळून पाहिलं. आपा माझ्या मुलीचे केस विंचरत होती. तिने मान वर केली नाही. फक्त तिचा हात क्षणभर थांबला आणि मग पुन्हा चालू झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या एका लाँचने त्यांची लाँच ओढून आणली. तिच्यात एकटाच माणूस होता, माझा नवरा. ओठ फुटलेले, डोळे सुजलेले. नाखवा परत आला नाही. दोन दिवसांनी त्याचं प्रेत दूर एका वाळूच्या पट्ट्यावर सापडलं.

काय झालं ते नवऱ्याने पोलिसांना सांगितलं, बंदरावरच्या माणसांना सांगितलं आणि मलाही तेच सांगितलं. लाँचच्या पंख्यात जाळं अडकलं. इंजिन बंद पडलं. लाँच लाटांना आडवी झाली, उलटणारच होती. नाखव्याने दातांत सुरी धरली आणि स्वतःहून पाण्यात उतरला. जाळं कापलं, पंखा सुटला, पण लाँच वर उचलली जाऊन त्याच्या डोक्यावर आदळली. माझा नवरा इंजिन चालू करून घिरट्या घालत हाका मारत राहिला. डिझेल संपलं तेव्हा थांबला.

नाखव्याच्या घरी अख्खा मोहल्ला भेटायला जाऊन आला. माझा नवरा गेला नाही. आधी ताप होता, खराच होता. ताप उतरल्यावर ड्यूटी होती. मग तो म्हणाला, "आता इतक्या उशिरा काय जायचं?" त्या घरावरून जायला लागू नये म्हणून तो विमानतळाला लांबच्या रस्त्याने जाऊ लागला.

मी नवसाचा विषय काढला, तसा तो ताडकन म्हणाला, "इथे नाही. सुट्टीवर गेलो की गावी करू." सुट्टीला अजून दीड वर्ष होतं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही जिवंत आलात." तो म्हणाला, "आणि तो नाही आला. त्याच्या घरात सुतक आहे आणि आपण गोड खायचं?"

माझे वडील गावातल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवायचे. पोरांना जुन्या यरुशलेमच्या मंदिरातल्या गोष्टी ते काल बघून आल्यासारख्या सांगत. समुद्रातून वाचलेला, वाळवंटातून वाट सापडलेला, दुखण्यातून उठलेला, कैदेतून सुटलेला, अशा माणसाने मंदिरात आभाराचा बळी द्यायचा. आधी त्या जनावराच्या डोक्यावर दोन्ही हात दाबून ठेवायचे. "का?" आम्ही विचारायचो. "म्हणजे माणसाला आठवावं, की इथे मी असायला हवा होतो." मग मांस आणि टोपलीभर भाकऱ्या त्याच दिवशी संपवायच्या. सकाळपर्यंत काही उरता कामा नये. एकट्याच्या घरात एवढं संपतं का? मग माणसं बोलवावीच लागत. आणि वडील हसून म्हणत, "जेवायला आलेला माणूस विचारणारच, काय रे बाबा, काय घडलं होतं? की सांगावंच लागतं. गुपचूप मानलेले आभार आभार नव्हेत."

मंदिर पडून शतकं लोटली. बळी देणं संपलं. आमच्याकडे उरला तो मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं आणि गुलाब. पण वडिलांच्या घरी तोसुद्धा दुसऱ्या दिवसासाठी कधी ठेवला नाही.

उन्हाळा आला. रेडिओवर इस्राएलच्या लढाईच्या बातम्या सुरू झाल्या. गल्लीत चहाच्या दुकानासमोर माणसं रेडिओभोवती उभी राहत आणि बातमी संपली की त्यांच्यातून एक शब्द सारखा ऐकू येई, यहूद, यहूद, म्हणजे ज्यू. एका संध्याकाळी आपाचा नवरा आपाबरोबर आमच्याकडे येऊन बसला होता. चांगला माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. तो म्हणाला, "एक जरी समोर आला ना, तर मी त्याला विचारीन." काय विचारीन ते त्याने सांगितलं नाही. माझा नवरा बशीतला चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली, पण आवाज होऊ दिला नाही. आपा त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

तिला ठाऊक आहे, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. ते ती कधी बोलेल, एवढंच माझ्या मनात चालू राहिलं. दाराची कडी वाजली की मी आधी उशीखालचं पुस्तक चाचपायचे. मुलगी शाळेत पायरीवरून पडली, हात मोडला. मला वाटलं, नवस थकलाय त्याचंच हे. नवरा मासे खाईनासा झाला. शुक्रवारी प्रार्थनेची वेळ झाली की म्हणायचा, "तूच म्हण." एकदा दिवसाढवळ्या खाटेवर बसून तो स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "काही नाही. मफी." घरात मराठीत बोलताना तो अरबी शब्द कधी वापरायचा नाही.

एका सकाळी आपा आली ती हातात नारळ घेऊन. मुलगी शाळेत, नवरा ड्यूटीवर. आपाने दार लावून घेतलं आणि नारळ ओट्यावर ठेवला.

"गो, तुजा नवस ऱ्हायलाय," ती म्हणाली.

मी पटकन खिडकीकडे बघितलं.

"आमच्या गावात तुमची मशीद आमच्या मशिदीच्या अलीकडं होती," ती म्हणाली. आमच्या सिनेगॉगला गावात सगळे मशीदच म्हणत. "शनवारतेल्यांच्या घरचा मलिदा खाऊनच मी मोठी झाले. तू पहिल्या वर्षी शनवारी चूल पेटवली नाहीस, तवाच मला कळलं. त्या रात्रीपासनं नाही."

"आपा, तुमच्या घरी..."

"माज्या घरी ठाव नाय, आनी ठाव होणार नाय. पण नवस बोलून ठेवायचा नसतो. तो घरात फिरतो. तुज्या माणसाची दशा बग. हात चालव आता. फळं मी आणलीत."

तिने पिशवीतून खजूर, केळी, सफरचंदं, डाळिंब आणि संत्री काढली. गुलाबही होता, कागदात गुंडाळलेला. आम्ही दोघींनी पोहे भिजवले, खोबरं खवलं. ती घाईत होती आणि तिचं लक्ष सारखं जिन्याकडे होतं. धीर द्यायला आलेली बाई स्वतःच घाबरली आहे हे दिसलं, तशी माझी भीती दुप्पट झाली. जाताना तिने मोठं ताट भरून घेतलं. म्हणाली, "मी गल्लीत वाटते. आमच्यात पण फातेहाला मलिदा करतात. माजा म्हणून सांगेन." आणि दारात थांबून बोलली, "खिडक्या मात्र लावू नको. उन्हाळ्यात बंद खिडकी लोकांच्या डोळ्यात येते."

दुपारी नवरा आला, तेव्हा ताट मांडलेलं होतं. तो उंबऱ्यातच थबकला. "कुणाला विचारून?" तो दबल्या आवाजात म्हणाला. "रेडिओ ऐकतेस ना? मुलगी आहे घरात. वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं, "रागवा हवं तेवढं. पण आता झालाय, तो टाकता येत नाही." मुलगी शाळेतून आली होती. एका हाताला प्लास्टर, दुसरा हात डाळिंबावर. तिच्याकडे बघून तो आत वळला. हातपाय धुऊन आला, डोक्यावर रुमाल टाकला.

झाडाच्या फळाची प्रार्थना त्याने म्हटली. जमिनीच्या फळाची म्हटली. गुलाब हुंगून सुवासाची म्हटली. मग संकटातून वाचवल्याबद्दलच्या आभाराचे शब्द आले. ते खरं तर दहा जणांसमोर म्हणायचे असतात. त्याने तोंड उघडलं आणि तो थांबला. पुन्हा प्रयत्न केला. पहिल्या शब्दाच्या पुढे जाईना. मला वाटलं त्याला रडू येतंय, पण तो रडत नव्हता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

आम्ही तिघं जेवढं खाल्लं जाईल तेवढं खाल्लं. तरी निम्मं पातेलं उरलं. त्याने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पुन्हा काढलं.

"हे सकाळपर्यंत ठेवायचं नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग चला. तिघंही चला. नाखव्याच्या घरी."

ऊन उतरत होतं. लांबच्या रस्त्याने नाही, सरळ रस्त्याने आम्ही गेलो. पातेलं त्याच्या हातात, फडक्याने बांधलेलं. नाखव्याच्या मुलाने दार उघडलं. पंचविशीतला, बापासारखेच रुंद खांदे. आत अंगणात चटईवर नाखव्याची बायको काळ्या अबायात बसली होती. तिने आम्हांला बसवलं, कॉफी मागवली. नवऱ्याने कॉफीला हात लावला नाही. पातेलं तिच्यासमोर ठेवलं आणि अरबीत बोलायला लागला. मला थोडं थोडं अरबी कळायचं, आणि तो इतक्या सोप्या, मोडक्या शब्दांत बोलत होता की त्या दिवशी सगळंच कळलं.

"हे आभाराचं आहे," तो म्हणाला. "मी जिवंत आहे, त्याचं. पण मी तुम्हांला अर्धीच गोष्ट सांगितली. पंख्यात जाळं अडकलं, तेव्हा त्यांनी सुरी माझ्या हातात दिली. म्हणाले, इंजिनचा माणूस तू आहेस, तू उतर. मी सुरी घेतली. कडेवर पाय ठेवला. खाली पाणी बघितलं आणि पाय उचलेना. ते ओरडले, यल्ला, यल्ला. मी नाही उतरलो. मग त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली. मला म्हणाले, तुझी बेटी लहान आहे. आणि उतरले. ते स्वतःहून नाही गेले. माझ्या जागी गेले."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. जनावराच्या डोक्यावर ठेवलेले हात मला आठवले आणि मी मुलीला जवळ ओढलं.

नाखव्याचा मुलगा उभा होता, तो आणखी ताठ झाला. एक पाऊल पुढे आला. माझा नवरा खाली मान घालून बसला होता. मारलं असतं तर त्याने हात वर केला नसता. तेवढ्यात म्हातारी बोलली. मुलाला उद्देशून एकच शब्द, "बस." मुलगा वळला आणि आत निघून गेला. आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

म्हातारीने फडकं सोडलं. मूठभर मलिदा घेतला, आधी माझ्या मुलीच्या तोंडाजवळ नेला. मुलीने माझ्याकडे बघितलं, मग तोंड उघडलं. मग म्हातारीने स्वतः एक घास खाल्ला आणि सावकाश चावत राहिली. हे कोणत्या धर्माचं गोड आहे, असं तिने विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "त्याला पाण्यात जाताना भीती वाटली का?"

"नाही," माझा नवरा म्हणाला. "मला वाटली."

तिने मान हलवली. पातेलं ठेवून घेतलं. "आता घरी जा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, माया होती असंही मला म्हणता येणार नाही.

त्यानंतर तो मुलगा आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहू लागला. कधी सकाळी, कधी संध्याकाळी. नवरा ड्यूटीला निघाला की त्याच्याकडे बघत राहायचा. आपाच्या नवऱ्याने मला विचारलं, "हा पोरगा तुमच्यावर का नजर ठेवून आहे?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." आपाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "गावी जा गो. थोडे दिवस मुलीला घेऊन जा." मी नवऱ्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "तू जा. मी नाही जाणार. त्याला उभं राहू दे."

एका शुक्रवारी पहाटे नाखव्याच्या मुलाने आमचं दार वाजवलं. माझ्या नवऱ्याला म्हणाला, "चल. जागा दाखव." बापाचीच लाँच होती, डागडुजी केलेली. नवऱ्याने शर्ट घातला. मी दारात आडवी उभी राहिले. त्याने मला हळूच बाजूला केलं. मी जिन्यावरून ओरडले, "मुलीकडे तरी बघा!" तो म्हणाला, "तिच्याकडे बघूनच चाललोय."

मी गच्चीवर गेले. समुद्र तेलासारखा शांत होता, वाऱ्याचं नाव नव्हतं. त्या शांततेचीच मला भीती वाटत होती. आपा वर आली आणि माझ्या शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून बसली. त्या दिवशी मी नवस बोलले नाही. कुणाच्या जागी कुणाला मागू, हे मला कळेना.

दुपार टळायच्या आत तो आला. कपडे कोरडे होते. खाटेवर बसला, पाणी प्यायला.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्याने लाँच थांबवली. विचारलं, इथे? मी म्हटलं, समुद्रात कसं सांगू? सगळीकडे सारखंच दिसतं. तो म्हणाला, तरी सांग. मी बोट दाखवलं. त्याने इंजिन बंद केलं. आम्ही बसलो."

"किती वेळ?"

"खूप वेळ. मला वाटलं, आता म्हणेल, उतर. म्हणाला असता तर उतरलो असतो." त्याने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "त्याने ओंजळभर पाणी घेऊन तोंड धुतलं. मग म्हणाला, इंजिन तूच चालू कर."

तो मुलगा परत कधी गल्लीच्या तोंडाशी दिसला नाही. आम्ही त्या घरात आणखी काही वर्षं राहिलो. आपाच्या घरात आमच्याबद्दल कधी कळलं की नाही, ते मला आजवर ठाऊक नाही. तिचा नवरा पूर्वीसारखाच चहाला येत राहिला, फक्त रेडिओवरच्या बातम्यांबद्दल आमच्याकडे बोलेनासा झाला. माझा नवरा समुद्रावर पुन्हा गेला नाही. पण लाँचवरून परत आला त्याच शुक्रवारी संध्याकाळी मी दिवा लावला, तेव्हा त्याने न सांगता डोक्यावर रुमाल टाकला आणि शरबतावरची प्रार्थना म्हटली. माझ्या लक्षात आलं, की तो नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणतोय आणि खिडक्या उघड्या आहेत. मी उठून त्या लावणार होते. नाही लावल्या.